मानेखालचं अक्षर

एनिड केरिसन शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली आणि मी नॉर्विचच्या बसवरून. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही दोघं मेटल डिटेक्टर घेऊन बार्नबी बनच्या शेतात फिरतो. आजवरची कमाई म्हणजे एक मोडका नाल आणि ढीगभर बुचं.

परवा नांगरलेल्या ढेकळांत एनिडचं यंत्र वाजलं. तिने वीतभर उकरलं आणि एक पातळ, करडी चकती वर काढली. दोन्ही बाजू झिजलेल्या साबणासारख्या गुळगुळीत.

"बटण," मी म्हणालो.

"बटणाला मागे कडी असते, सिरिल. इथे कुठाय?"

"तुटली असेल." मी बाहीने पुसायला गेलो, तर तिने हातावर चापटच मारली.

"खबरदार! उरलंसुरलंही घालवशील."

तिच्या घरी जाऊन आम्ही चकती पाण्यात ठेवली, माती आपोआप सुटू दिली. पट्टी लावली, एकवीस मिलिमीटर. यीस्ट मोजायच्या काट्यावर भरलं पावणेतीन ग्रॅम.

"जुनं चांदीचं सहा पेनीचं नाणं!" एनिड म्हणाली. "मूळचं तीन ग्रॅमचं. बाकीचं लोकांच्या खिशांनी खाल्लं."

पण कुठल्या राजाचं? तिने पडदे ओढले, टॉर्च टेबलावर आडवी ठेवली. तिरप्या उजेडात नाण्यावर बारीक सावल्या उठल्या. नाणं जरा जरा फिरवत, दिसेल ते ती कागदावर काढत गेली. आधी कुरळे केस. मग नाक, उजवीकडे वळलेलं.

"असे निदान तीन राजे होते," ती म्हणाली. "पण बटणावर राजा नसतो, एवढं तरी कबूल कर."

"केलं बाई. मानेखाली बघ, काहीतरी आहे. झेड दिसतोय."

"झेडचा राजा कुठून आणलास तू?" तिने वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेला बसलो होतो. "अरे, तू बाजूने बघतोयस, म्हणून अक्षर आडवं दिसतंय! हा एन आहे, एन!"

गुडघ्यांची तक्रार विसरून ती पुस्तकांच्या कपाटाकडे पळाली आणि मोठ्याने वाचू लागली. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी, तिसऱ्या विल्यम राजाच्या काळात लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून घेत. म्हणून जुनी नाणी गोळा करून नव्याने पाडली. त्यासाठी काही शहरांत तात्पुरत्या टाकसाळी उघडल्या आणि राजाच्या मानेखाली शहराचं अक्षर घातलं. एन म्हणजे नॉर्विच.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. नॉर्विच इथून पंधरा मैल.

"तीनशे वर्षांत पंधरा मैल," मी म्हणालो.

"तुझ्या बसपेक्षा जरा हळू, एवढंच," एनिड म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत आम्ही हसलो.

संध्याकाळच्या चहाला बार्नबीकडे गेलो. सापडेल त्यात त्याचा निम्मा वाटा असतो. पण नाणं काही कापता येत नाही, तेव्हा सहा महिने त्याच्याकडे, सहा महिने एनिडकडे असं ठरलं. बार्नबीने ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं.

"कुणाच्या तरी खिशातून पडलं असणार," तो म्हणाला. "बिचाऱ्याने घरी जाऊन बायकोची बोलणी खाल्ली असतील."

"छे!" एनिड म्हणाली. "बायकोच्याच हातून पडलं असेल. आणि तिने नवऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नसेल."

 बार्नबीची बायको हसली आणि एनिडच्या बशीत ॲपल पायचा मोठा तुकडा वाढला.