फोटो होईपर्यंत

सदुसष्ट साली बिहारच्या भुकेल्या लेकरांसाठी पैसे जमवायला नागपुरातल्या एका चर्चच्या तरुण संघाने चोवीस तासांचा उपास धरला. मिशनमधून निवृत्त झालेली नर्स एस्तेरबाईही हौसेने त्यांच्यात बसली. दुपारी सेक्रेटरी प्रभुदास मागच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या गोदूबाई नावाच्या म्हातारीच्या चार वर्षांच्या नातीला घेऊन आला. पेपरवाला फोटो काढायला येणार होता. पोरगी नुसती काडी, डोळे खोल गेलेले. एस्तेरबाईने कोपऱ्यावरून केळं आणून तिच्या हातात दिलं, तर प्रभुदासने ते काढून घेतलं.

"थांबा न बाई, फोटो होऊ द्या. आता खाल्लं तं चेहऱ्यावर तरतरी येते."

"लेकराले उपाशी काहून ठेवून राहिला गा?"

"सकाळपासून काही खाल्लं नाही तिनं, आणखी घंटाभरानं काय होते!"

बसलेले सगळे ऐकत होते आणि एकही जण उठत नव्हता. एस्तेरबाईने पोरीला कडेवर घेतलं, घरी नेऊन वरणभात कालवला आणि स्वतःही तिच्याच ताटात जेवली. रविवारी चर्चच्या दारात प्रभुदासने हात मिळवायला पुढे केला, तेव्हा तिने आपला हात पदराखाली घेतला.