सातव्या मजल्याची तपासणी

क्वालिटीबाईंना त्या कंपनीत येऊन तीन आठवडे झाले होते. एका मंगळवारी जुन्या फायली चाळताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

कंपनी लहान मुलांच्या रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. नर्सने बाळाचं वजन टाकायचं, औषध निवडायचं, की पडद्यावर मात्रा यायची. प्रत्येक नव्या रिलीजआधी, म्हणजे नवी आवृत्ती रुग्णालयांना देण्याआधी, टीमने एकशे बत्तीस प्रश्नांची चेकलिस्ट भरायची आणि खाली क्वालिटी विभागाने सही करायची, असा नियम होता. बाईंच्या आधीचे गृहस्थ अशा सह्या करता करताच निवृत्त झाले होते. बाईंनी सहज म्हणून मागच्या रिलीजची यादी उघडली आणि ती भरल्याची वेळ पाहिली. पहिलं उत्तर तीन वाजून दहा मिनिटांनी दिलेलं, शेवटचं तीन वाजून चौदाला. आणि एकशे बत्तीस वेळा 'होय'.

चार मिनिटांत ती यादी नुसती वाचूनही झाली नसती. बाईंनी त्याआधीच्या सहा याद्या काढल्या. चार मिनिटं, पाच, चार, एकदा तर तीनच. सत्त्याऐंशीवा प्रश्न होता, 'सर्व्हरच्या खोलीतला पाणीगळतीचा अलार्म तपासला का?' त्यालाही 'होय'. आता कंपनीला सर्व्हरची खोलीच नव्हती. सगळं भाड्याच्या यंत्रांवर चालायचं आणि ती यंत्रं भलत्याच शहरात होती.

"पाणी मुरतंय खरं," बाई स्वतःशी म्हणाल्या, "पण सर्व्हरच्या खोलीत नाही."

याद्या भरायचे ते मास्तर. म्हणजे टीममधले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. कुणाचं काही अडलं की फळ्यापाशी उभं राहून समजावून सांगायचे, म्हणून हे नाव पडलेलं. पन्नाशीचे, मृदू बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे शोधणारे. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे बाईंनाच कानकोंडं वाटलं. पण त्या लक्ष ठेवायला लागल्या आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. बाई जवळ आल्या की मास्तर एक निळी वही ड्रॉवरमध्ये सारायचे. जेवणानंतर ते आणि त्यांचे दोन सहकारी कोपऱ्यातल्या बैठकीच्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. आत आवाज चढायचे. बाई दारावरून गेल्या की आवाज बसायचे.

बाईंनी प्रोजेक्टच्या साहेबांकडे विषय काढला. साहेबांच्या टेबलावर कधी एक कागद तिरका दिसायचा नाही.

"मॅडम, यादी पूर्ण आहे ना?" साहेब म्हणाले. "रुग्णालयांची तक्रार नाही. मग शांत पाण्यात दगड कशाला टाकायचा?"

"चार मिनिटांत एकशे बत्तीस तपासण्या होतात का, एवढंच विचारतेय."

"मास्तर अनुभवी आहेत. हात बसलाय त्यांचा."

हात बसलाय हे खरंच होतं. कशावर बसलाय, ते बाईंना बघायचं होतं.

रविवारी नणंद जेवायला आली. ती नर्स होती, नवजात बाळांच्या वॉर्डात, आणि तिथे बाईंच्या कंपनीचंच सॉफ्टवेअर होतं. भांडी आवरताना बाईंनी विचारलं, "वन्सं, आमचं सॉफ्टवेअर कधी चुकलंय का गं?"

"तुमच्या मशीनवर आमचा विश्वास होता कधी?" नणंद हसली. "पण एकदा मीच चुकले आणि त्याने पकडलं. तीन पॉइंट दोन किलोचं बाळ. घाईत टिंब राहिलं, बत्तीस टाकलं. लगेच पडदा लाल. म्हणे, नवजात बाळाचं वजन बत्तीस किलो, नक्की का? मला घामच फुटला, वहिनी."

सोमवारी बाईंनी एकशे बत्तीस प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचले. वजनातल्या टिंबाचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. मग हे कुणाला सुचलं? कुणी तपासलं? चार मिनिटांत यादी उरकणाऱ्या माणसांनी? बाईंचा गोंधळ उडाला, आणि गोंधळ उडाला की त्यांचा संशय वाढायचा.

त्या शुक्रवारी नवीन रिलीज होतं. बाईंनी कुणाला न सांगता यादीच्या शेवटी एक प्रश्न वाढवला. 'एकशे तेहतीस : इमारतीच्या सातव्या मजल्यावरची चाचणीची यंत्रं तपासली का?' इमारत चार मजल्यांची होती.

बुधवारी सकाळी यादी भरून आली. एकशे तेहतीस वेळा 'होय'.

बाईंनी कागद छापून घेतला आणि मास्तरांना त्या कोपऱ्यातल्या खोलीत बोलावलं. दार त्यांनीच लावलं.

"मास्तर, सातव्या मजल्यावर लिफ्टने गेलात की जिन्याने?"

मास्तरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, शेवटची ओळ वाचली आणि खुर्चीत बसले. सारवासारव करतील असं बाईंना वाटलं होतं. त्यांनी केली नाही.

"यादी एक छोटा प्रोग्रॅम भरतो," ते म्हणाले. "मीच लिहिलाय. मी फक्त बटण दाबतो."

"म्हणजे सात रिलीज खोटी कागदपत्रं."

"अकरा. तुम्ही सातच पाहिलीत." त्यांनी छापील यादी बाईंकडे परत सरकवली. "पहिली दोन वर्षं मी खरी भरली, मॅडम. दोन-दोन दिवस जायचे. कुणी वाचायचं नाही. एकदा सत्तेचाळिसाव्या प्रश्नाला 'नाही' लिहिलं, तर पाच मिनिटांत साहेबांचा फोन. काय राहिलंय ते विचारायला नव्हता. म्हणाले, 'होय' करा, पुढे पाठवायचंय. त्या दिवशी मी प्रोग्रॅम लिहिला."

"आणि खरी तपासणी?"

मास्तर उठून बाहेर गेले आणि निळी वही घेऊन आले. वहीत नऊ प्रश्न होते. प्रत्येकासमोर तारीख आणि कधीतरी खरोखर घडलेली चूक. पहिलाच प्रश्न, 'वजनातलं टिंब राहिलं तर?' प्रत्येक रिलीजआधी तिघं बसायचे, नऊ प्रश्नांवर भांडायचे, यंत्रावर करून बघायचे. चूक सापडली तर दुरुस्ती होईपर्यंत उठायचे नाहीत.

"मग लपवता कशाला?"

"यादीबाहेरची तपासणी सापडली तर यादी कशाला, असं कुणी तरी विचारणार. मग वहीचीच सरकारी यादी करणार, आणि तिचेही दीडशे प्रश्न होणार."

बाईंना हे पटलं, आणि पटलं म्हणूनच त्या सावध झाल्या. पकडला गेलेला माणूस गोड बोलतोच. त्यांनी वही घरी नेली आणि संध्याकाळभर वाचली. तारखा खऱ्या होत्या, सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या जुन्या नोंदींशी जुळत होत्या. पण आता बाईंना वहीचाच संशय यायला लागला. नऊच्या नऊ प्रश्न इथल्याच लोकांनी, इथल्याच खुर्च्यांवर बसून काढलेले. वॉर्डात उभं राहिलेलं त्यात कुणी नव्हतं.

त्यांनी नणंदेला फोन लावला. "दिवसभरात आमच्या सॉफ्टवेअरवर तू काय काय करतेस ते क्रमाने सांग. अगदी क्षुल्लक वाटलं तरी."

नणंदेने सांगितलं. सकाळी वजन, मग दिवसभराच्या चार मात्रा निघतात. एक दिली की खूण करायची. अशक्त बाळांचं दुपारी पुन्हा वजन करायचं, कमी-जास्त झालं तर नवीन आकडा टाकायचा.

"आणि मग उरलेल्या मात्रा बदलतात?"

"आम्ही कागदावर पुन्हा आकडेमोड करतो, वहिनी. इथली पद्धत आहे तशी. पडद्यावर काय होतं ते मी खरंच बघितलं नाही."

गुरुवारी सकाळी बाई, मास्तर आणि दोघं सहकारी त्या खोलीत बसले. दार उघडंच ठेवलं. बाईंनी स्वतः तीन पॉइंट दोन किलो टाकलं, चार मात्रा काढल्या, एक दिल्याची खूण केली. मग वजन दोन पॉइंट नऊ केलं. पडद्यावर वर नवीन वजन दिसलं. खालच्या तीन मात्रा जुन्याच राहिल्या.

मास्तरांनी तीच गोष्ट पुन्हा करून पाहिली. मग तिसऱ्यांदा.

"हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

एका सहकाऱ्याने जुन्या नोंदी उघडल्या. "मागच्या रिलीजपासून. पडदा लवकर उघडावा म्हणून आपण एकदा काढलेल्या मात्रा साठवून ठेवायला लागलो ना, तेव्हापासून."

म्हणजे पाच आठवडे. सगळ्या रुग्णालयांत. मास्तरांचा चेहरा उतरला. वही त्यांच्यासमोरच उघडी होती, नऊही प्रश्नांवर बरोबरच्या खुणा होत्या.

बाई आणि मास्तर साहेबांना सांगायला गेले, तेव्हा साहेब आधी दार लावायला उठले. "उद्याच्या रिलीजमध्ये दुरुस्ती टाका. गाजावाजा नको. कुणाला कळायच्या आत निस्तरलं जाईल."

"आज दुपारी कुठल्या तरी वॉर्डात कुणाचं तरी वजन बदलणार आहे," बाई म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हाला येऊन जेमतेम महिना झालाय."

तेवढ्यात मास्तरांनी साहेबांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि सगळ्यात मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागाचा नंबर फिरवला. मास्तरांनी आडवळणं घेतली नाहीत. वजन बदललं की उरलेल्या मात्रा पडद्यावरून घेऊ नका, त्या कागदावर पुन्हा काढा, चूक आमची आहे. मग दुसरा नंबर. मग तिसरा.

शुक्रवारचं रिलीज मंगळवारवर गेलं. बाईंनी यादी स्वतः भरली. दीड दिवस लागला. एकसष्ट ठिकाणी 'नाही', चव्वेचाळीस ठिकाणी 'लागू नाही', आणि ती तशीच वर पाठवली. रुग्णालयांनी पाच आठवड्यांच्या नोंदी तपासल्या. अकरा बाळांना मात्रा थोडी जास्त गेली होती, कुणाला इजा झाली नव्हती. ही बातमी येईपर्यंतचे दोन दिवस मास्तर फोनजवळून हलले नाहीत.

एकशे बत्तीस प्रश्नांची यादी त्या महिन्यात बंद झाली. वहीचे नऊ आणि वजन बदलाचा एक, असे दहा प्रश्न राहिले. दर रिलीजआधी कुठल्या तरी वॉर्डातली एक नर्स अर्धा दिवस येऊन बसणार आणि आपलं रोजचं काम करून दाखवणार, असं ठरलं. नवीन प्रश्न घालायचा तर तशी चूक कधी, कुठे, कुणाच्या बाबतीत घडली ते सांगायचं, नाहीतर घालायचा नाही. साहेबांची दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली झाली. जाताना त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, बाईंशीही.

एक काम उरलं होतं. अकरा खोट्या याद्यांबद्दल मास्तरांना लेखी ताकीद द्यायची होती आणि ती बाईंनाच लिहायची होती. त्यांनी मसुदा तीनदा लिहिला. वही, फोन, सगळं त्यात लिहिलं, पण 'खोटी' हा शब्द बदलला नाही. मास्तरांनी वाचून सही केली आणि कागद परत दिला.

त्यानंतर ते बाईंना सकाळी मान हलवून ओळख द्यायचे, बस तेवढंच. तपासणीच्या बैठकीत मुद्द्याचं बोलायचे, मुद्दा संपला की गप्प. बाईंना वाटायचं, ह्या माणसाच्या पोटात काय चाललंय? प्रोग्रॅम खरंच पुसलाय का? एकदा त्यांनी न सांगता मास्तरांच्या यंत्रावर शोधूनही पाहिला. नव्हता. शोधल्याची त्यांना लाज वाटली, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा शोधला.

पाचव्या आठवड्यात मास्तर डबा घेऊन त्यांच्या टेबलावर येऊन बसले. बाईही जेवतच होत्या.

"मला तुमचा राग आला होता," ते म्हणाले. "आता थोडा कमी आहे."

"पूर्ण गेला नाही?"

"नाही."

"मीही तुमच्या यंत्रावर दोनदा शोधलं," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. नोंद राहते तिथे." मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. "परवा येणाऱ्या नर्सबाईंच्या वॉर्डात जुळी बाळं आहेत. दोघांचं आडनाव एक, जन्मतारीख एक. त्याचं आपण काय करतो, ते मला अजून माहीत नाही. जेवण झालं की बसूया का?"

बाईंनी घाईने उरलेले दोन घास संपवले.