तळहात आणि काटा

मंगळवार, चार फेब्रुवारी, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. आक्काच्या रक्तदाबाच्या, रोज एक घ्यायच्या, पंधरा गोळ्यांच्या पाकिटात अकरा शिल्लक—आणि पाकीट आणल्याला आज पंधरा दिवस झाले होते. त्याने ते खिडकीशी धरून पुन्हा पाहिले. फोडलेल्या जागा एका ओळीतही नव्हत्या. बोट पडेल तिथे फोडलेल्या…

"डोकं दुखलं की घेते ना," आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. "बरं असताना औषध खाल्लं तर अंगाला सवय लागते."

डॉक्टरांनी अर्धांगवायूचा धोका सांगितला तेव्हा तिने, पाहुण्याच्या बोलण्याला डोलवावी तशी, मान डोलावली होती. आणि त्याआधी नर्स त्याला म्हणाली होती, आईंना इथे बसवा… आक्का त्याची बहीण, त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी.

चौथीनंतर ती धाकट्यांना सांभाळायला घरी राहिली. तो शिकत गेला. तंत्रनिकेतनात पहिल्याच दिवशी शिक्षकांनी एका पाइपवर सगळ्यांना हात ठेवायला लावून तापमान विचारले, मग तापमापक दाखवला—सगळेच चुकले होते. त्या दिवसापासून त्याने स्वतःच्या हातावर विसंबणे सोडले… म्हणूनच, काहीही दुखत नसताना, तो अठरा वर्षे रोज रक्तदाबाची गोळी घेत आला होता. तिला तो पाइप कुणी दाखवलाच नव्हता. शिवाय तिचा तळहात—लहानपणी कपाळावर ठेवून ती ताप सांगायची, आणि तो कधी चुकला नव्हता. मग तिने आता त्या तळहातावर का म्हणून संशय घ्यावा?

बॉयलर फुटण्याआधी कण्हत नाही, हे त्याने कालच समजावले होते. "मग बॉयलरला दे गोळी," ती म्हणाली होती.

आज त्याने समजावले नाही. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा आधी स्वतःच्या दंडाला बांधला, फुगा तिच्या हाती दिला, स्वतःच्या कानांत स्टेथोस्कोपच्या नळ्या घातल्या. ठोका ऐकून मी मान हलवली की काटा वाच, एवढेच सांगितले. एकशे अठ्ठावीस, तिने वाचले—पाढा बरोबर आल्यासारखी खुशीत. मग तिचा दंड. तो इतका बारीक, की पट्ट्याला एक वेढा जास्त द्यावा लागला.

"आज दुखतंय डोकं?"

"छे. अगदी बरं वाटतंय."

हवा सुटू लागली. पहिला ठोका फार लवकर ऐकू आला, म्हणजे दाब फार वर… मान हलवूच नये असे त्याला वाटले. सारा जन्म मापकांची अचूकता तपासण्यात गेला, आणि आज प्रथमच एक मापक खोटे निघावे, तो जुना तळहातच खरा ठरावा—

त्याने मान हलवली.

आक्काने चष्मा सावरून काट्याकडे पाहिले. मग तळहात स्वतःच्या कपाळावर ठेवला, आणि तो तिथेच ठेवून, हळू आवाजात वाचले,

"एकशे चौऱ्याऐंशी."