बोटावरचा आकडा

खरं सांगायला आजही जीभ रेटत नाही. पण सांगतो.

चार वर्षं गोव्याच्या हॉटेलात काढून जूनमध्ये मी विमानानं लेहला उतरलो, आणि दुसऱ्याच दिवशी वाटाड्या म्हणून खिंड चढायला आलेल्या एका बंगाली तुकडीबरोबर निघालो. त्या लोकांनी आधी चार दिवस मुकाट्यानं आराम केला होता. लडाख्याला कसला आलाय आराम?

"तुंडुप, इतकी वर्षं समुद्राकाठी होतास. जरा दम खा," घोडेवाले पाल्जोर मामा म्हणाले.

"मामा, रक्त इथलंच आहे ना?" काय तो माझा तोरा!

वाटेत शहाणपण मीच शिकवत होतो. हवा विरळ झाली की रक्तात प्राणवायू कमी, मग पायांना कुठून मिळणार? खाली मैलभर पळणारा गडीही इथं दहा पावलांत बसतो. सावकाश चाला. तुकडीतल्या आल्पना दीदी खरोखरच सावकाश चालायच्या. बारासातच्या शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या. याआधी दोनदा या खिंडीखालून परतल्या होत्या, एकदा बर्फामुळे, एकदा गुडघ्यामुळे.

"यंदा माथ्यावर पताका मीच बांधणार हं. पुढं हे गुडघे माझं ऐकायचे नाहीत."

खिंडीखालच्या मुक्कामावर सकाळी माझं डोकं फुटायला आलं. ओढ्यावरून पाणी आणताना तीनदा खाली बसलो. रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा गुपचूप बोटाला लावला. एकसष्ट! तडक उतरायलाच हवं होतं. पण लडाख्याला उंची लागली? सगळं गाव तोंडात शेण घालील.

मग रोजच्यासारखे सगळ्यांचे आकडे घेतले. दीदींचा चौऱ्याऐंशी, तुकडीत सगळ्यांत चांगला. त्यांचा चष्मा पिशवीत होता. मी चिमटा काढून मुठीत धरला.

"दीदी, एकसष्ट. आत्ताच्या आत्ता उतरायचं. मी नेतो तुम्हाला."

"अरे, पण मला काहीच होत नाहीय!"

"असंच असतं. माणसाला कळत नाही."

त्यांनी पताका मामांच्या हातात दिली. बाकीचे मामांबरोबर वर गेले, आम्ही खाली.

उतारावरही धापा मीच टाकत होतो. दीदी म्हणाल्या, "माझ्यासाठी किती हळू चालतोस रे! माझ्यापायी तुझीही खिंड हुकली. आण ती पिशवी, तेवढं तरी करू दे." आणि मी दिली. मेल्याला लाज कशी ती नाही!

दुपारी आमच्या गावात पोचलो तेव्हा माझं डोकं दुखायचं थांबलं होतं. आमानं, माझ्या आईनं, लोण्याचा चहा केला. दीदी तिला म्हणाल्या, "तुमच्या मुलानं माझा जीव वाचवला." आमाचे डोळे भरून आले. तिनं पेटीतली पांढरी खतक, मानाचा शेला, काढली आणि शेजाऱ्यांदेखत माझ्या गळ्यात घातली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

जरा वेळानं दीदींनी हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी अजून एकदा येऊन पाहू का रे? तू म्हणशील तसं."

आल्या तर टणाटण चढतील आणि माझं पितळ उघडं पडेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"नको दीदी," मी म्हणालो. "तुमच्या शरीराला ही हवा झेपायची नाही."

त्यांनी उरलेला चहा संपवून कप खाली ठेवला.

"बरं झालं, स्पष्ट सांगितलंस," त्या म्हणाल्या.