श्रीमती डी. यांची साक्ष

निकालपत्रात आईचं नाव नव्हतं. असे निकाल छापताना नावं गाळतातच. 'साक्षीदार श्रीमती डी., संचालिका' एवढंच होतं.

लक्झेंबर्गमध्ये माझं आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय करकायद्याचं पदव्युत्तर वर्ष चालू होतं. वर्गात आम्ही अठरा जण, अकरा देशांचे. नोव्हेंबरात कोनेन बाईंनी हा खटला वाचायला दिला. सीमेपलीकडच्या न्यायालयाचा निकाल, आठ महिन्यांपूर्वीचा. एक कंपनी कागदोपत्री आमच्या शहरातली. पण तिचे निर्णय घेतं कोण, आणि कुठे बसून? जिथून ती खरोखर चालते, कर तिथला. आमचं अर्धं वर्ष या एका प्रश्नाभोवती फिरत होतं.

गोतिए हा माझा बेल्जियन मित्र. त्याने साक्षीचं पान मोठ्याने वाचलं, अगदी नाटकातल्यासारखं.

"ही कंपनी आपण चालवता?"

"हो. गुरुवारी."

"गुरुवारी काय करता?"

"सह्या."

"कंपनीच्या मालकीचं नेमकं काय आहे?"

"जहाजं असावीत."

वर्गात हशा उसळला. कंपनीच्या मालकीचं काय होतं, तर खिडकीच्या बिजागरीचं एक पेटंट. कंपनीच्या कागदांच्या माथ्यावर जहाजाच्या नांगराचं चित्र होतं, त्यावरून साक्षीदार बाईंनी जहाजं धरली होती. कोनेन बाईसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मीही हसले. मग खालची ओळ वाचली: संचालिका होण्यापूर्वी श्रीमती डी. कंपनीला पत्ता पुरवणाऱ्या कार्यालयाच्या स्वागतकक्षात चौदा वर्षं होत्या.

माझं हसू तिथेच विरलं. दर गुरुवारी घरी आल्यावर मनगट चोळत आई म्हणायची, "आज जहाजवाल्यांचं बाड केवढं होतं!"

माझी आई देओलिंदा. पोर्तुगालच्या डोंगराळ भागातल्या एका गावातून विसाव्या वर्षी इकडे आली. आधी लोकांची घरं पुसली, मग फ्रेंच शिकली आणि फाबेर साहेबांच्या कार्यालयात फोन घ्यायला बसली. परक्या मालकांच्या कंपन्यांना इथला पत्ता आणि इथले संचालक पुरवणं हाच त्या कार्यालयाचा धंदा. एक दिवस साहेबांनी तिलाच एकतीस कंपन्यांची संचालिका केलं. बाबा तेव्हा होते. छपरांवर काम करून आलेल्या हातांनी त्यांनी तिचं व्हिजिटिंग कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं आणि एक स्वतःच्या पाकिटात ठेवलं. शेवटच्या आजारात ते कार्ड त्यांनी दवाखान्यातल्या नर्सलाही दाखवलं होतं.

पुढच्या आठवड्यात वर्गात हाच खटला लढवायचा होता. मी आणि गोतिए कर खात्याच्या बाजूने.

"मी एक वाक्य काढलंय," गोतिए खुशीत म्हणाला. "'ही बाई संचालिका नाही, पेन आहे. पेनाला काय विचारता? हात कुणाचा ते बघा.' कसं वाटतं?"

"बरं आहे," मी म्हणाले.

"नुसतं बरं? अगं, मार्कांची खाण आहे ही!"

शनिवारी एश गावातल्या आमच्या घरी आई बटाटे सोलत होती. मी विचारलं, "आई, त्या जहाजवाल्यांचं काय झालं गं?"

"कोण जहाजवाले?" ती फार पटकन म्हणाली.

"वर्गात वाचलं मी."

"वर्गात? सगळ्यांनी?"

"नाव नाहीये तुझं त्यात."

"मग तुला कसं कळलं?"

"तुझ्यासारखं दुसरं कोण बोलतं?"

तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती खुर्चीवर टेकली. सुरी मात्र तिने खाली ठेवली नाही.

"दोन दिवस कंपनीच्या वकिलाने घोटून घेतलं माझ्याकडून," ती म्हणाली. "अजून पाठ आहे बघ. 'कंपनी बौद्धिक संपदा धारण करते. परवान्यांच्या अटींचं मी स्वतंत्रपणे मूल्यमापन करते.' एका शब्दालाही चुकत नव्हते. पण तो न्यायाधीश भला माणूस निघाला. म्हातारा होता. म्हणाला, 'बाई, तुमच्या शब्दांत सांगा.' आता माझ्या शब्दांत जहाजंच होती! आणि शपथ घेतली होती ना मी."

"मग साहेब?"

"ओरडले नाहीत. म्हणाले, 'देओलिंदा, तुम्ही दमलेल्या दिसता.' सोमवारी माझ्या खुर्चीत दुसरी मुलगी होती."

"हे कधी?"

"चौदा महिने झाले."

चौदा महिने आई रोज सात वीसची गाडी धरत होती. मला वाटायचं, कार्यालयात जाते. ती एका शाळेच्या भटारखान्यात ताटं धूत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझी परीक्षा होती. मग प्रवेश. मग राहूनच गेलं." तिने पुढचा बटाटा घेतला. "आणि तू नेमका तोच कायदा शिकतेस. म्हटलं, पोरीला लाज वाटायची."

मी वर्गात हसले होते हे तिला सांगणं मला जमलं नाही.

खटल्याच्या दिवशी गोतिएचं वाक्य माझ्या टिपणात पहिल्याच ओळीला होतं. मी उभी राहिले आणि ते गाळलं. म्हणाले, "या प्रकरणात खरं बोलणारी ही एकच व्यक्ती आहे. बाकीच्यांची उत्तरं तयार करून आणलेली होती. हिलाही उत्तरं पाठ करून दिली होती, तरी हिने ती दिली नाहीत."

कोनेन बाईंनी पेन उचललं. "पाठ करून दिली होती? कितव्या पानावर आहे हे?"

मी पानं उलटली. ते कुठल्याच पानावर नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. 'ती माझी आई आहे' एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते.

"विधान मागे घेते," मी म्हणाले आणि खाली बसले.

"वेड लागलं का तुला?" गोतिए कुजबुजला. मग त्यानेच उठून पेनाचं वाक्य म्हटलं. पुन्हा हशा पिकला आणि आम्ही जिंकलो.

दुपारी ग्रंथालयात बसले, पण वाचण्यात लक्ष लागेना. स्वतःचीच किळस येत होती. कंपन्यांची सरकारी नोंदवही संगणकावर कुणालाही पाहता येते. मी उगाच आईचं नाव टाकलं. तीस नोंदी आल्या. तीस कंपन्यांची ती अजूनही संचालिका होती.

घरी जाऊन कोटही न काढता विचारलं, "राजीनामे दिलेस ना तू?"

"दिला की. जहाजवाल्यांचा. बाकीचं साहेब बघतो म्हणाले."

"आई, त्यांनी काही बघितलेलं नाही. आणि सह्या कोण करतंय मग?"

"आधीच्या असतील."

"आधीच्या म्हणजे?"

"उन्हाळी सुट्टीआधी कोऱ्या कागदांवर करून ठेवायचे मी. कामं अडायला नकोत म्हणून. गठ्ठाच असायचा."

कंपनीने कर बुडवला तर तो संचालकाच्या मानगुटीवर कसा बसतो, हे मी त्याच महिन्यात शिकले होते. तिला समजावून सांगताना माझा आवाज चढला. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "ओरडू नकोस. काय करायचं ते सांग."

मी तीस राजीनामे छापले. मजकूर एकच, फक्त कंपनीचं नाव वेगळं. तरी तिने प्रत्येक पत्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं आणि प्रत्येक वेळी विचारलं, "ही काय करते?"

"हिचा पोलंडमध्ये एक मॉल आहे."

"आणि ही?"

"ही दुसऱ्या कंपनीला कर्ज देते."

"ती दुसरी?"

"ती हिचीच बहीण."

"म्हणजे घरातल्या घरात!" ती म्हणाली आणि सही केली.

पोस्टातल्या बाईने तीस पावत्यांवर शिक्के मारताना एकदाच मान वर केली. "सगळी एकाच पत्त्यावर?"

"हो," आई म्हणाली. "माणसं वेगवेगळी आहेत म्हणतात."

जानेवारीपर्यंत एकोणतीस नोंदी निघाल्या. तिसावी कंपनी मात्र बुडालेली होती, दोन वर्षांचा कर थकवून. फेब्रुवारीत आईच्या नावाने कर खात्याची नोटीस आली. फाबेर साहेबांच्या कार्यालयातून एकच उत्तर मिळायचं: साहेब प्रवासात आहेत. सुनावणीची तारीख नेमकी कोनेन बाईंच्या परीक्षेच्या दिवशी पडली.

मी त्यांच्या खोलीत गेले.

"परीक्षेची तारीख बदलायची तर कारण लागेल," त्या म्हणाल्या.

"त्या निकालातल्या श्रीमती डी. माझी आई आहे. तिला नोटीस आलीय, सुनावणी त्याच दिवशी आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मी हसले होते त्या दिवशी."

"मीही हसले होते."

"नोटीस कशाची आहे?"

मी सगळं सांगितलं, कोऱ्या कागदांसकट.

"हे कुणा वकिलाला सांगितलंत?"

"आई नको म्हणते. तिला वाटतं, तो गुन्हा तिचाच आहे."

"सांगा. कर खात्याने शोधून काढण्याआधी तुम्ही सांगा." त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीचा, आता वकिली करणारीचा, नंबर लिहून दिला. मी दाराशी पोहोचले तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही हा निकाल शिकवीन मी. पण ते पान मोठ्याने वाचून घेणार नाही."

सुनावणीत आईने निळा कोट घातला होता. अधिकारी तरुण होता, माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा. आईने कोऱ्या कागदांचं स्वतःहून सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि विचारलं, "का केल्यात सह्या?"

"मला सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "आणि मला बरं वाटायचं, साहेब. खोटं कशाला बोलू?"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

एप्रिलमध्ये निर्णय आला. नोकरीवरून काढल्यानंतरच्या काळाची जबाबदारी आईवर नव्हती. त्याआधीच्या वर्षाची होती. दर महिन्याला पगारातून कापून घेणार होते, सहा वर्षं. फाबेर साहेबांवर वेगळी चौकशी लावल्याची एक ओळ शेवटी होती.

मी अपिलाचे मुद्दे काढून बसले होते. कलमं, आधीचे निकाल, सगळं तयार होतं. मी बोलायला तोंड उघडलं तशी आई म्हणाली, "राहू दे. सही माझीच होती."

"अगं, पण तुला फसवलं त्यांनी!"

"फसवलं खरं." तिने पत्राची घडी घातली. "पण कार्ड मीच वाटत होते ना गावभर?"

ती उठली, केस बांधले, भटारखान्याचा पांढरा अंगरखा पिशवीत भरला.

"साडेदहाला भांडी यायला लागतात," म्हणाली आणि जिना उतरून गेली. अपिलाची मुदत तीन महिन्यांची होती. कागद टेबलावरच होते, आणि ते दाखल करावेत की नाही हे मला कळत नव्हतं.