नक्षी कुणाची?

घरातल्या माणसाची मुलाखत घेणं हा काय वैताग असतो, ते मयुराला विचारा! बाहेरचा माणूस निदान खुर्चीत नीट बसून उत्तरं तरी देतो.

वाणगावच्या या मुलीनं डहाणू-तलासरीतल्या कलावंतांवर मोबाइलवर वाचायचं मासिक काढलं होतं. पहिला अंक उद्या निघायचा होता आणि मुखपृष्ठावर तिचे बाबा होते, हरिश्चंद्र डायवाले. लोखंडी ठोकळ्यात, म्हणजे डायमध्ये, ते नक्षी कोरतात. त्यावर सोन्याचा पत्रा दाबला की दागिन्याची पानंफुलं उठतात. तीस वर्षांचं काम! आता फक्त एक छोटा व्हिडिओ उरला होता.

"बाबा, एक नवी वेल काढून दाखवा ना, कागदावर."

बाबांनी पेन्सिल घेतली. वेल निघाली, पण कशी? सुकलेल्या दोडक्यासारखी! त्यांनी खोडली, पुन्हा काढली आणि मग सवयीनं हाक मारली, "हिरकणी, जरा ये गं!"

आई हात पुसत आली. दोन मिनिटांत कागदावर वेल, कळी, पान. "घ्या," म्हणाली आणि भात उतरवायला गेली.

मयुरा मोबाइल धरून तशीच उभी. हे तर ती लहानपणापासून बघत होती! पण घरात त्याला सगळे 'आईच्या रेघोट्या' म्हणायचे. मग कलाकार कोण? कोरतात बाबाच, ते आईला जमणार नाही. बाबा खोटे? छे! मग आई कोण? तिचं डोकंच चालेना.

ती स्वयंपाकघरात गेली. "आई, तुझंही नाव टाकते."

"वेडी की काय! लोक म्हणतील, नवऱ्याला येतच नव्हतं. एवढ्या वर्षांची त्यांची इज्जत घालवशील?"

मयुरा आणखीच गोंधळली. आईचं पटतही होतं आणि त्याचा रागही येत होता.

बाबांची थोरली बहीण, निर्मलाआत्या, तिथंच मेथी निवडत होती. आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई, गप्प कशी बसेल?

"हिरकणी, नक्षी तू काढलीस म्हणून हरीचं कोरणं कमी होत नाही गं. पण दोघांच्या कामाला एकट्याचं नाव लावलं, ते चुकलं. परक्याकडून नक्षी काढून घेतली असती, तर हरीनं चारचौघांत त्याचं नाव घेतलं असतं. बायको घरची, म्हणून तिचं काम मोजायचंच नाही?"

दारात बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मला कधी सुचलंच नाही, ताई," ते म्हणाले. त्यांना मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात मुंबईच्या दागिन्यांच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "हरिश्चंद्रभाई, त्या डिझाइनमधलं पान जरा बारीक करा ना."

बाबा आईकडे वळले. मग म्हणाले, "शेठ, नक्षी माझी बायको काढते. तिच्याशीच बोला."

अगंबाई! आईचा चेहरा लालबुंद झाला. पण तिनं फोन घेतला.

"पान बारीक केलं तर पत्रा फाटेल, शेठ. देठ लांब करून देते, पान आपोआप नाजूक दिसेल."

"बरं भाभी, तुम्ही म्हणाल तसं."

मुखपृष्ठावर दोघं आले, दोघांच्या नावांसकट. वाचकहो, दुसऱ्यांच्या मासिकांत नावं शोधण्याआधी आपल्या घरात बघा. घरच्या माणसाचं काम फुकटचं नसतं आणि बिननावाचंही नसतं. ते नाव आधी आपल्याच तोंडून निघायला हवं!