तिसऱ्या कुंडीतली अंडी

वाणी म्हणजे तो ढीगभर पायांचा किडा, हात लावला की वेटोळं करून बसणारा. १९७४ च्या पावसाळ्यात मंठ्याकडं मला त्यांच्या दोन जवळच्या जाती सापडल्या. माळावरचे काळे, ओढ्याकाठचे तांबड्या पट्ट्यांचे. आणि मधल्या बांधावर दोघांचा संकर, पुसट पट्ट्यांचे. जालन्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. विभागप्रमुख रामराव सरांना ते किडे दाखवले, तर माझ्या पोटाकडं बघून म्हणाले, "संकराला पुढं वंश नसतो, बेबीनंदा."

मला सातवा महिना होता. मी बौद्ध, नवरा म्हस्कू धनगर, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसांच्या जाती म्हणजे किड्यांच्या जाती नव्हेत, हे या गृहस्थाला कळत नव्हतं थोडंच! तरी वर्गातही तेच बोलायचे, आणि पोरं फिदीफिदी हसायची.

या किड्यांवर सरांच्या आणि माझ्या नावानं शोधनिबंध लिहायचं ठरलं. मी तीन कुंड्या मांडल्या. एकीत काळे, दुसरीत पट्टेवाले, तिसरीत संकर.

"माती चाळून, धुऊन, भाजून घे," सर म्हणाले.

"सर, वाणीची मादी माती चावून अंड्यांना घर करते. भाजक्या मातीत कसं करील?"

"माळावरची घाण माझ्या प्रयोगशाळेत नको."

शिपायानं माती भाजली. माद्यांनी अंडी उघड्यावरच घातली. तिसऱ्या कुंडीतली सुरकुतली तेव्हा मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाच संताप आला. किड्याच्या अंड्यांवरून मी माझ्या लेकराची काळजी का करावी?

सरांनी तेवढ्यात निबंध लिहूनही टाकला. संकराची अंडी वांझ निघाली म्हणे. "सही कर."

"आणि बाकीच्या दोन कुंड्या?"

"त्यांचा इथं संबंध नाही."

मी त्या दोन्ही उचलून टेबलावर आदळल्या.

"बघा की भिंगातून! काळ्यांची बी सुकली, पट्टेवाल्यांची बी सुकली. तुमच्या भाजक्या मातीत एक बी अंडं जगलं न्हाई. तिन्ही कुंड्यांचं बराबर लिवा, मंग सही करते. शुद्धांचा बी वंश बुडाला म्हणून लिवा!"

सरांनी भिंगाला हात लावला नाही. "निबंधावरून तुझं नाव काढावं लागेल," एवढंच म्हणाले.

"बिलकुल काढा. चूक तुमची एकट्याची हाय, नाव बी एकट्याचंच राहू द्या."